नाव नसलेलं कार्ड

त्या संध्याकाळी माझ्या हातात आलेल्या प्रश्नांच्या कार्डांपैकी एक मी जसंच्या तसं वाचलं नाही. वाचायला हवं होतं का, यावर माझं आणि माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंचं अजून एकमत झालेलं नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थी-विभागात काम करते. वंश, वांशिक ओळख आणि सामाजिक न्याय या विषयांवर कॅम्पसमध्ये कार्यक्रम घडवून आणणं हे आमच्या कार्यालयाचं काम. ही कार्यालयं, हे विषय कुणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि तो जवळजवळ पाच महिने चालवला, तेव्हा कुठे तिथे एथ्निक स्टडीजचं, म्हणजे वांशिक समाजांच्या अभ्यासाचं, देशातलं पहिलं कॉलेज उभं राहिलं. आज वारं उलटं आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांत अशी कार्यालयं ठेवायला कायद्यानेच बंदी आली. इतर ठिकाणी पाट्या बदलल्या, अंदाजपत्रकं आखडली. खाद्यमहोत्सवाला आणि नाचाच्या कार्यक्रमाला मात्र पैसे नेहमी मिळतात. लोक एकमेकांचं जेवण जेवले की एकमेकांना समजून घेतात, ही प्रशासनाची आवडती समजूत आहे. मला ती पटत नाही. जेवून सगळे घरी जातात आणि प्रश्न तिथेच राहतो.

फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्ट्री मंथमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, आम्ही ‘वंश आणि जात’ असा कार्यक्रम ठेवला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना लगेच सोबत आली. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या संघटनेने आधी होकार दिला आणि पत्रक छापायला जायच्या वेळी नाव काढून घेतलं. ‘यामुळे आपली प्रतिमा खराब होते,’ असं कारण दिलं. दिवाळीच्या कार्यक्रमाला हीच मुलं रात्र रात्र राबतात, त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण ‘आपली’ म्हणजे नक्की कुणाची प्रतिमा, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

विषय ओढूनताणून जोडलेला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तरही आलं. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची लढाऊ संघटना निघाली, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. हे सगळं मी दाराशी लावलेल्या फलकावर मांडलं होतं. कृष्णवर्णीय मुलं त्यासमोर थांबून फोटो काढत होती, आमची बरीच मुलं फलकावरून नजर फिरवून सरळ आत जात होती.

आता कार्डांबद्दल सांगते, कारण आमच्या कामातली ही गोष्ट बाहेरच्यांना क्षुल्लक वाटते आणि मला तिचा अभिमान आहे. अशा विषयावर सभागृहात माईक फिरवला की तो त्याच त्या माणसांच्या हातात जातो. पहिला माणूस प्रश्न विचारत नाही, भाषण करतो. फोनवरून प्रश्न मागवले तर लॉगिन आलं, म्हणजे कुठेतरी नाव उमटलं. म्हणून कोरी कार्डं. सगळी एकाच आकाराची, सगळ्यांना एकसारख्याच पेन्सिली, म्हणजे शाईवरून कुणी ओळखायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं. दोनशे जणांत तिघेच खाली मान घालून लिहीत असतील तर शेजाऱ्याला ते दिसतं. सगळेच लिहीत असतील तर कुणीच दिसत नाही. कार्डं पालथी करून रांगेच्या टोकाला द्यायची, आम्ही ती पिसतो, कार्यक्रम संपला की फाडून टाकतो. नाव लिहू नका, हे दोनदा सांगितलं जातं.

तरीही एका कार्डावर पूर्ण नाव होतं, आडनावासकट. मजकूर असा : ‘मला भारतात कधीच जात दिसली नाही. तुम्ही ती इथे का आणताय?’ मी तो प्रश्न वाचला, नाव वगळून. त्याला चांगलं उत्तरही मिळालं. पण ज्याला काही गमवायची भीती नाही त्याने न मागता सही केली, हे माझ्या मनात राहिलं.

त्यानंतर दोन-तीन कार्डं सोडून ते दुसरं आलं. बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. ‘मी ज्या चार मुलांसोबत राहतो त्यांना मी त्यांच्याच जातीचा वाटतो. माझं आडनाव त्यांच्याकडेही असतं. गाव कुठलं, घरी देव कुठला, असं विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ते चौघे आत्ता या सभागृहात आहेत. त्यांना कळलं आणि मला घर सोडावं लागलं, तर विद्यापीठाच्या कुठल्या नियमाखाली तक्रार करू?’

मी वर पाहिलं. डावीकडे मागच्या रांगांत भारतीय मुलांचे घोळके बसले होते. ‘चार मुलं’ आणि ‘आत्ता इथे’ हे शब्द माझ्या तोंडून गेले असते तर त्या घोळक्यांतल्या प्रत्येकाने शेजारी पाहिलं असतं. विचार करायला श्वासाइतकाच वेळ होता. मी वाचलं ते एवढंच : ‘घरात जातीवरून भेदभाव झाला, तर विद्यापीठाच्या कुठल्या नियमाखाली तक्रार करता येते?’

मंचावरच्या वकीलबाईंनी नीट उत्तर दिलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात वंश, रंग आणि राष्ट्रीय मूळ हे शब्द आहेत, जात नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या धोरणात जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या २३ कॅम्पसनी २०२२ मध्ये. सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी राज्याचं विधेयक मात्र नाकारलं, कारण त्यांच्या मते आहे त्या कायद्यात हे बसतंच. आमच्या विद्यापीठात? ‘अर्थ लावून बसवता येईल.’ लोकांनी माना डोलावल्या, पुढचं कार्ड.

सगळे गेल्यावर बाईंनी कार्डं फाडण्याआधी वाचायला घेतली. त्या कृष्णवर्णीय आहेत, या कामात माझ्या कितीतरी आधीपासून. ते कार्ड वाचून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आजीच्या बहिणीबद्दल सांगितलं. रंगाने उजळ होती. एके दिवशी दुसऱ्या शहरात गेली, गोरी म्हणून राहिली, गोऱ्या माणसाशी लग्न केलं आणि आईच्या अंत्ययात्रेलाही आली नाही. येता आलं नसतं, कारण आली असती तर तिची मुलंही कृष्णवर्णीय ठरली असती. मग होमर प्लेसीचं नाव निघालं. १८९२ मध्ये लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडलेला, रक्ताने सात-अष्टमांश गोरा. त्याच्याकडे पाहून कुणाला काही कळलं नसतं, वेगळ्या डब्यांच्या कायद्याविरुद्ध खटला उभा राहावा म्हणून आपण कृष्णवर्णीय आहोत हे त्याने स्वतः सांगितलं. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला.

‘तुमच्या पोरांचं रोज हेच चाललंय,’ बाई म्हणाल्या. ‘आणि आज सभागृहातल्या आमच्या मुलांना ते कळलं असतं. एका क्षणात. तू कायद्याचा प्रश्न वाचलास. त्याने लिहिलं होतं ते वेगळंच.’

मी म्हटलं, त्याची किंमत त्याने मोजली असती. त्या म्हणाल्या, ते चौघे तिथे आहेत हे माहीत असून त्याने लिहिलं, म्हणजे त्याचा निर्णय झालेला होता, तो तू परत का घेतलास?

याला माझ्याकडे अजूनही उत्तर आहे आणि नाहीही. नाव गुप्त राहील असं आम्ही वचन देतो. एखाद्याने धाडसाने जास्त लिहिलं म्हणून ते वचन संपत नाही, असं मी मानते. पण दुसरी गोष्टही खरी आहे. माझं आडनाव ऐकलं की मराठी माणसाला माझी जात तत्काळ कळते आणि त्याचा मला आयुष्यात फायदाच झाला आहे. त्या मुलाने मंचावर माझं आडनाव ऐकलं होतं. त्याचं बोलणं कापून गुळगुळीत करणाऱ्या बाईचं आडनाव तसंच असणं, हे त्याला कसं वाटलं असेल?

मला तो कोण हे माहीत नाही आणि शोधायचंही नाही. कार्ड ठरल्याप्रमाणे फाडलं.

पुढच्या आठवड्यात मी धोरण-समितीकडे प्रस्ताव पाठवला : भेदभावविरोधी नियमात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे घाला. उत्तर सौजन्याने आलं. आजवर जातीसंबंधी एकही तक्रार नोंदलेली नाही, तेव्हा गरज दाखवून द्यावी. तक्रारीच्या फॉर्ममध्ये पहिल्या रकान्यात नाव आहे, दुसऱ्यात तुमची ओळख, तिसऱ्यात घटना. लपून राहणाऱ्याने तक्रार करायची तर आधी स्वतःला उघडं करायचं, आणि त्याने तसं केलं नाही की आकडा शून्य राहतो. तो शून्य पुढे करून आम्हाला सांगतात की इथे काही नाही.

मी आता निनावी माहितीसाठी वेगळा रकाना मागितला आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. बाई सोबत येणार आहेत. त्या दिवशीच्या कार्डाबद्दल तिथे बोलायचं की नाही, यावरून आमचा वाद पुन्हा सुरू झाला आहे.