न्यूट्रल ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट: पावसाळ्यातला अपडेट

तर मंडळी, माझ्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधली हिरवट झाक गेली. म्हणजे पूर्ण नाही, पण आता ती शोधावी लागते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आधीचा प्रिंटर सहा इंकांचा, त्यात काळी एकच, त्यामुळे ग्रे म्हणजे सगळ्या रंगांची खिचडी. तीच प्रिंट खिडकीत हिरवट आणि रात्री पिवळ्या बल्बखाली गुलाबी. प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांचा नकाशा) चांगलं केलं तरी ते बनतं साधारण ५००० केल्विनच्या लाइटसाठी, लाइट बदलला की गणित बिघडलंच.

आता सेकंडहँड पिगमेंट (रंगकणांच्या इंकांचा) प्रिंटर घेतलाय, तीन काळ्यांचा: फुल ब्लॅक, लाइट ब्लॅक, लाइट लाइट ब्लॅक. एप्सनने २००५ च्या सुमारास के३ इंकांसोबत हे त्रिकूट आणलं आणि ड्रायव्हरमध्ये अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड दिला, त्यात ग्रेचा बहुतेक भार काळ्या इंकांवर असतो आणि रंग फक्त टोनपुरता. लूप (भिंग) लावून मधला ग्रे पॅच बघा, जुन्या प्रिंटमध्ये पिवळे-गुलाबी ठिपके सरळ दिसतात, नव्यात बारीक राखाडी रवा आणि मध्येच एखादा निळसर ठिपका. तो निळसर ठिपका लागतोच, कारण नुसत्या कार्बनच्या काळ्या इंका तपकिरीकडे झुकतात.

सध्या मात्र क्वाडटोनरिप या प्रिंटिंग सॉफ्टवेअरवर आहे. रॉय हॅरिंग्टनचं शेअरवेअर, दिसायला अगदी जुनाट पण काम चोख. एक वॉर्म (तपकिरीकडे झुकणारा) कर्व्ह, म्हणजे कुठल्या टोनला कोणती इंक किती याचा आराखडा, एक कूल (निळसर), दोन्हींचं मिश्रण स्लायडरने ठरवायचं, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची वेज (टोनची पट्टी) छापायची, स्पेक्ट्रोने (रंग मोजायच्या यंत्राने) मोजायची, लिनियराइझ करायचं, म्हणजे पायऱ्या सारख्या अंतरावर आणायच्या.

आता खरा मुद्दा. सगळे लॅब या रंगमापनातला ए (हिरवा-लाल) आणि बी (निळा-पिवळा) वरपासून खालपर्यंत शून्य करायच्या मागे असतात, मला ते पटत नाही. ब्राइटनरवाला (पांढरेपणा वाढवणारं रसायन घातलेला) ग्लॉसी कागद मुळातच निळसर असतो, बी चक्क मायनसमध्ये. त्यावर हायलाइट शून्यावर ओढायचे म्हणजे फिक्या भागात पिवळा टाकायचा, आणि कोऱ्या कडेशेजारी प्रिंटमधलं आभाळ चक्क मळकट दिसतं!! त्यापेक्षा हायलाइट कागदाच्या रंगाला धरून ठेवा आणि खाली शॅडोकडे हळूहळू शून्यावर या. क्वाडटोनरिपमध्ये स्प्लिट टोन आहे, हायलाइट-मिडटोन-शॅडोचं मिश्रण वेगवेगळं देता येतं, त्याने हे जमतं. डोळ्याला खटकते ती मधेच मारलेली उडी, वर निळसर, मध्ये हिरवट, खाली तपकिरी असली. आकडा एकदोनने इकडेतिकडे असला तर कोणाला कळतंय.

ब्राइटनर नसलेल्या कॉटन रॅगवर (कापसाच्या मॅट कागदावर) उलट, कागदच किंचित पिवळसर, त्यामुळे तिथे वॉर्म जास्त चालतं. काळा थोडा कमी पडतो, मॅटवर डीमॅक्स (सगळ्यात गडद काळ्याची घनता) १.६-१.७ च्या आसपास, चांगल्या बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर २.२ च्या वर जातो. पण पोर्ट्रेटला मला रॅगच आवडतो.

पावसाळ्याचं म्हणाल तर कागद सिलिका जेलच्या पाकिटांसोबत बंद डब्यात, आणि वेज छापल्या छापल्या मोजायची नाही. रात्रभर सुकू द्या, मगच स्पेक्ट्रो लावा, नाहीतर ओल्या आकड्यांवर कर्व्ह बनेल.

बघायला ९० च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी लावलाय, आणि शेवटचा निकाल खिडकीपाशी, दुपारी. आता बरायटाचा कर्व्ह घेतोय, शॅडोत ८५ टक्क्यांच्या पुढे पायऱ्या एकमेकांत मिसळतायत, इंक लिमिट (कागदावर जास्तीत जास्त किती इंक जाईल ती मर्यादा) थोडी खाली आणून परत वेज छापतो.