तुम्ही विचारलंत म्हणून: हाताला कळतं, मग मशीन कशाला?

लालबागच्या चाळीत परवा तोच प्रश्न पुन्हा आला. काकांचं आखडलेलं कोपर मी सावकाश उघडत होते. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या हाताला सगळं कळतं. मग हाताचा कडकपणा मोजायला ते मोटारवालं मशीन कशाला?"

कळतं, हे खरंच. लकव्यानंतरचा असा हात हळू नेला तर बऱ्यापैकी उघडतो. झटक्यात नेला की मध्येच अडतो आणि मग ढिला पडतो. स्पॅस्टिसिटी ती हीच, जितक्या वेगात ताणाल तितका स्नायू उलटा खेचतो. हळू नेतानाही हात तिथेच थांबला, तर मात्र स्नायूच आखूड झालेला असू शकतो, आणि त्यावर स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा उपयोग नाही. म्हणजे सगळी गोम वेगात. आणि माझा वेग रोज सारखा असतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आमची नेहमीची मोजपट्टी अ‍ॅशवर्थची, 1964 सालची. 0 ते 4 असे आकडे, आकडा जितका मोठा तितका हात कडक. 1987 मध्ये त्यात '1+'ची भर पडली. 1+ म्हणजे 'किंचित' अडतो, 2 म्हणजे 'बराच'. आता किंचित कुठे संपतं? एका पेशंटला मंगळवारी मी 2 दिले, गुरुवारी माझ्या जागी गेलेल्या सहकारी मुलीने 1+. घरचे पेढे आणायच्या बेतात होते. हात तोच होता हो, ओढणारे बदलले होते.

मशीन म्हणजे दंडाला नि मनगटापाशी पट्ट्यांनी बांधायची चौकट, कोपराशी मोटार. ठरवलेल्या वेगाने ती हात उघडते, आधी हळू, मग जोरात. कुठल्या कोनावर किती जोर लागला ते नोंदवते. कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड स्नायू नेमका कधी चवताळला ते दाखवतात. बोटॉक्सचा असर साधारण तीन महिन्यांत ओसरतो. तेव्हा पुन्हा त्याच वेगाने मोजता येतं, माझ्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

पण मोटारीचा आस कोपराच्या सांध्याशी जुळला नाही, तर आकडाच चुकतो. शिवाय लघवी तुंबली असेल, कुठे दुखत असेल, तरी हात कडक होतो. ते विचारायचं काम माझंच. आणि हे धूड या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवायचं कुणी?

"मग आज किती?" काकूंनी विचारलं. तेवढ्यात काकांनी मोठ्ठी जांभई दिली आणि इतक्या कष्टाने उघडलेला हात सरळ छातीशी. मी वहीत 2 लिहिलं आणि पुढे टीप टाकली: जांभईच्या आधी.