तीस फूट अलीकडे

गुरुवार, रात्री साडेदहा

आज माझा विद्यार्थी चेकराइडमध्ये, म्हणजे विमान उडवायच्या प्रॅक्टिकल परीक्षेत, नापास झाला. कमर्शियल लायसन्सची परीक्षा होती. तोंडी परीक्षा छान झाली, हवेतलंही जवळजवळ सगळं झालं, राहिलं होतं ते पॉवर-ऑफ वन-एटी. मी कुंपणापाशी उभी होते. धावपट्टीवरच्या ठरवलेल्या खुणेला समांतर आलं की इंजिनची पॉवर पूर्ण काढायची आणि वळून, घसरत येऊन त्या खुणेवर किंवा तिच्यापुढे २०० फुटांच्या आत टेकायचं. अलीकडे एक फूटही चालत नाही. फायनलला, म्हणजे धावपट्टीकडे सरळ येतानाच्या शेवटच्या टप्प्यात, वारा चांगलाच समोरून होता आणि त्याने फ्लॅप (विमान हळू करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) लवकर सोडले. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. आमची छोटी सेसना खाली बसायला लागली तसं त्याने नाक वर ओढून ती ताणायचा प्रयत्न केला. असं केल्याने फक्त वेग जातो, हे मी त्याला शंभरदा सांगितलंय. खुणेच्या तीसेक फूट अलीकडे चाकं टेकली.

नापास झाल्याचा कागद हातात घेऊन तो बाहेर आला. त्या कागदाला इथे अजून सगळे पिंक स्लिपच म्हणतात. त्याने विचारलं, "आता एअरलाइन विसरायची का?"

नाही, असं मी लगेच सांगितलं. पण गाडीत बसल्यावर वाटलं, नुसतं 'नाही' पुरेसं नव्हतं.

अमेरिकेत हा शिक्का पुसला जात नाही, हे खरंच आहे. एफएएच्या (इथल्या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या) पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये नापास झालेल्या प्रॅक्टिकल परीक्षाही असतात आणि नोकरी देण्याआधी एअरलाइनला ते रेकॉर्ड बघावंच लागतं. याच्या मुळाशी १२ फेब्रुवारी २००९ची रात्र आहे. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं ३४०७ विमान उतरताना स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल गेली, आणि एका घरावर कोसळलं. ५० माणसं गेली. धोक्याचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम हादरत असताना कॅप्टनने तो मागे ओढला होता. चौकशीत निघालं की तो आधी अनेक परीक्षांत नापास झाला होता आणि त्यातल्या काही त्याने नोकरीच्या अर्जात लिहिल्याच नव्हत्या. त्या ५० जणांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, म्हणून २०१०चा कायदा झाला. एअरलाइन पायलटला १५०० तासांच्या उड्डाणाची अट आणि हा डेटाबेस, दोन्ही त्यातूनच आले. डेटाबेसचा अंतिम नियम यायला मात्र २०२१ उजाडलं. मला या नोंदीचा राग येत नाही. मागे बसलेल्या माणसाला तेवढा हक्क आहेच.

एक नापास म्हणजे दार बंद नव्हे. बघणारे बघतात ते किती वेळा, केव्हा, आणि तीच चूक पुन्हापुन्हा होतेय का. वेळही महत्त्वाची. २०२२ मध्ये एअरलाइन्सना माणसं मिळत नव्हती तेव्हा एका पिंक स्लिपकडे कुणी फारसं बघत नव्हतं. आता भरती मंदावल्यावर तीच जड वाटते. हे अन्यायाचं वाटतं मला, पण आहे.

माझीही एक आहे. इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवायच्या, चेकराइडमध्ये ढगांतून उतरायच्या किमान उंचीच्या साठ फूट खाली गेले होते. पुढच्या महिन्यात एअरलाइनची मुलाखत आहे, अर्जात ते लिहायचंय. परवा नाशिकहून आई फोनवर म्हणाली, "अगं, इतकं जुनं कोण उकरून काढतंय? नको लिहूस." तिला माझी काळजी आहे. मी तिला म्हटलं, आई, त्यांच्याकडे ते आधीच असतं. मी लपवलं तर साठ फुटांपेक्षा ते लपवणंच मोठं होईल.

पण लिहायला बसले तर पहिल्या खर्ड्यात काय आलं? हवा खराब होती, एक्झॅमिनर घाईत होता. दोन्ही खरं. तरी खोडलं. मी खाली उतरताना उंचीवरची नजर काढून नकाशाकडे नेली, बस्स. नंतर काय बदललं तेही लिहिलं: आता शेवटचे हजार फूट मी उंची मोठ्याने म्हणत उतरते, विद्यार्थ्यांनाही तसंच करायला लावते.

आणि आजचं? 'परीक्षेला तयार आहे' म्हणून त्याच्या लॉगबुकात सही माझी आहे. गेल्या आठवड्यात आम्ही हे लँडिंग वारा पडलेला असतानाच केलं होतं, कारण पहाटे ॲरिझोनात हवा शांत असते आणि मला ते सोयीचं होतं. त्याच्या रेकॉर्डवर माझी सोय लागलीय. हे त्याला अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगणार.

बाकीचे भाग पास झालेत, ते ६० दिवस धरले जातील. त्याआधी मी पुन्हा शिकवून सही द्यायची, मग हे एकच लँडिंग. उद्याची पहाटेची वेळ रद्द करून दुपारी तीनची घेतलीय. तेव्हा वारा असतो.