सावईवेऱ्याचा पंप आणि कोठीची किल्ली

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सावईवेऱ्याला काकांच्या कुळागरातला पंप जळला. विहीर तळाला गेली होती, पंप रात्रभर कोरडा फिरला, आणि अशा वेळी त्याला बंद करायचं काम ज्या डब्याचं होतं तो डबा मी बनवलेला. सकाळी साडेसहाला फोन आला. "बाय, बांयत उदक ना आनी पंप चालूच आसा!" एरवी काका माझ्याशी मराठीत बोलतात. कोंकणी आली तेव्हाच कळलं, घाबरलेत.

फोंड्याहून स्कूटरने पोचले तोवर गड्याने पंप वर ओढला होता. सबमर्सिबल पंपाला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं. पाणी गेलं की वाइंडिंग तापतं आणि जळतं. पोफळींच्या सावलीत, पाटाच्या कडेला तो पंप पडलेला, जळक्या वार्निशचा वास सुटलेला, आणि भिंतीवरच्या माझ्या डब्यातला हिरवा दिवा ठरल्याप्रमाणे सेकंदाला एकदा लुकलुकत होता. रिवाइंडिंगचे ४,२०० रुपये मी दिले, काका नको नको म्हणत असताना दिले. पण तो हिरवा दिवा पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोरून हलला नाही.

एवढ्याशा डब्यात ऑपरेटिंग सिस्टीम कशाला लागते, असं मला घरचेही विचारतात. लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेटिंग सिस्टीम म्हटलं की फोनचा पडदा येतो. खरं तर माझी सुरुवातही फोनपासूनच झाली होती. पहिल्या वर्षी मी काकांच्या अँड्रॉइड फोनमध्ये एक छोटं ॲप टाकलं. ते दर मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, पंपाचा करंट ठीक आहे का, आणि नसेल तर वाजायचं. दिवसा छान चाललं. रात्री मात्र सूचना पाऊण-पाऊण तास उशिरा यायच्या. कारण साधं होतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून त्यात डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर सिस्टीम मागच्या ॲप्सचं इंटरनेट आणि अलार्म अडवून ठेवते, मधूनमधून थोडी खिडकी उघडते, आणि त्या खिडक्यांमधलं अंतर वाढवत नेते. बॅटरी वाचवायची तर ते योग्यच आहे. फोन माणसाच्या खिशात राहण्यासाठी बनलाय, दिवसभर टिकावा म्हणून. त्याने कुठलंही काम अमुक इतक्या वेळात करीन असा शब्द माझ्या ॲपला दिलेला नाही.

(त्याच फोनच्या पोटात टॉवरशी बोलणारा मोडेम असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा आणि ऑपरेटिंग सिस्टीमही वेगळी, रिअल-टाइम जातीची, म्हणजे ठरल्या वेळात काम करण्याचा शब्द देणारी. टॉवरशी बोलताना वेळ चुकवून चालत नाही, म्हणून तिथे अँड्रॉइडवर भिस्त ठेवत नाहीत.)

म्हणून मी फोन सोडला आणि एसटीएम३२ या एका चिपमध्ये मावणाऱ्या संगणकाचा छोटा बोर्ड घेतला. ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. आजच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. त्यावर फ्रीआरटीओएस ही छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेलं हे काम, २०१७ पासून ॲमेझॉन सांभाळते, आणि एमआयटी लायसन्समुळे कोणीही वापरावं. कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जेमतेम काही केबींचा. त्यात पडदा नाही, ॲप स्टोअर नाही. जास्तीत जास्त प्राधान्याचं जे टास्क (प्रोग्रामातलं एक स्वतंत्र काम) तयार असेल ते चाललंच पाहिजे, बाकीच्यांनी थांबायचं, एवढं एक काम तो जीव तोडून करतो. मला ही गोष्ट फार आवडते. वेगाचं कौतुक सगळे करतात, पण कोणी कोणासाठी थांबायचं हे आधी ठरवून ठेवणं आणि ते दर मिलिसेकंदाला पाळणं, यात खरी कारागिरी आहे.

माझ्या डब्यात तीन टास्क होते. सर्वांत वर संरक्षण: दर शंभर मिलिसेकंदांनी मोटरचा करंट बघायचा, सात अँपिअरवरून चारवर उतरला आणि पाच सेकंद तसाच राहिला तर पाणी संपलं समजून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा मोठा स्विच, सोडायचा. मध्ये जीएसएम मॉड्यूल, काकांना मिस्ड कॉल देण्यासाठी. सर्वांत खाली नोंदी, मेमरी कार्डावर लिहिणाऱ्या. करंट मोजणारी चिप आणि मेमरी कार्ड एकाच एसपीआय बसवर, म्हणजे सामायिक तारांवर, होते, म्हणून बस एका वेळी एकालाच मिळावी यासाठी मध्ये एक सेमाफोर, कोडमधली किल्लीच म्हणा.

संरक्षण सर्वांत वर. मग ते झोपलं कसं?

पंप दुरुस्तीला गेला त्या आठवड्यात रोज कामावरून परतले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोर्ड मांडायचे. तीन पिनांना लॉजिक ॲनालायझर (पिन वर-खाली होताना रेघेत दाखवणारं यंत्र) लावला, जे टास्क चालेल त्याची पिन वर. दोन रात्री काहीच घडलं नाही, सगळं घड्याळासारखं. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, फोंड्यात माझ्या घरी रेंज भरपूर आहे आणि कुळागर आहे दरीत. आईचा स्टीलचा जेवणाचा डबा घेतला, जीएसएम मॉड्यूल आत ठेवलं, वायरींपुरती फट सोडून झाकण लावलं. अकरा मिनिटांनी ते दिसलं. पडद्यावर मधली रेघ वर गेली आणि वरच राहिली. वरची रेघ, संरक्षणाची, सपाट.

झालं होतं असं. देवळाच्या कोठीची किल्ली एकच आहे समजा. ती आत्ता झाडलोट करणाऱ्या मुलाकडे आहे. भटजींना नैवेद्याची भांडी हवीत, ते दाराशी उभे. मुलगा किल्ली द्यायला निघतो तर वाटेत मंडपवाला त्याला धरतो, "आधी या खुर्च्या उचल." मंडपवाल्याचं भटजींशी काही वैर नाही, भटजी थांबलेत हे त्याला ठाऊकही नाही. तरी नैवेद्य खोळंबला. माझ्या डब्यात नोंदींच्या टास्कने बसचा सेमाफोर घेतला, तेवढ्यात जीएसएमने त्याला बाजूला सारलं, आणि रेंज नसल्याने ते मॉड्यूलच्या उत्तरासाठी जागच्या जागी गोल फिरत राहिलं. नोंदी पुढे सरकेनात, बस सुटेना, संरक्षण दाराशी उभं. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

हे मी कॉलेजात शिकले होते. मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट होऊ लागलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स नावाची रिअल-टाइम सिस्टीम होती. हवामानाच्या नोंदी घेणारं खालचं टास्क किल्ली धरून बसायचं, मधली टास्क त्याला चालू द्यायची नाहीत, आणि माहितीची बस सांभाळणारं वरचं टास्क अडकायचं. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या इंजिनिअरांनी जमिनीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच घोळ घडवून पाहिला आणि म्युटेक्समधला (हीही एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली) एक पर्याय, प्रायॉरिटी इनहेरिटन्स, पृथ्वीवरून पाठवून चालू केला. भटजी दाराशी आलेत म्हटल्यावर किल्ली देईपर्यंत त्या मुलाला भटजींचाच मान मिळतो, मंडपवाला त्याला हात लावू शकत नाही. इनहेरिटन्स म्हणजे एवढंच.

परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं. आणि माझ्याच कोडमध्ये बस राखायला बायनरी सेमाफोर घातला. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्सला हा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही. दोन्ही घेताना-सोडताना कोड अगदी सारखा दिसतो, फरक फक्त तयार करण्याच्या एका ओळीत. ती ओळ बदलली, मॉड्यूल पुन्हा स्टीलच्या डब्यात ठेवलं, आणि वरची रेघ दर शंभर मिलिसेकंदांनी उठताना पाहत रात्री दीडपर्यंत बसले.

पण तेवढ्यावर थांबले नाही. जीएसएमने गोल फिरत वाट पाहणंच चूक होतं. आता ते क्यूवर, म्हणजे निरोपांच्या रांगेवर, झोपतं, उत्तर आलं की उठतं. करंटची चिप बसवरून काढूनच टाकली. एसटीएम३२ च्या आत १२ बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग, आहे, सात आणि चार अँपिअरमधला फरक ओळखायला तो हवा तेवढा पुरतो. ज्याच्यावर मोटरचा जीव आहे त्या टास्कने कोणाशीही किल्ली वाटून घ्यायची नाही, हे मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि तो हिरवा दिवा. चिपमध्ये वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा म्हणावा असा टायमर, असतो, ठरावीक वेळात त्याला खाऊ घातलं नाही तर तो चिप रीसेट करतो. रीसेट झालं असतं तर रिले सुटला असता आणि पंप वाचला असता. मी खाऊ घालायचं काम टायमर इंटरप्टमध्ये (टायमरच्या ठोक्याला सगळे टास्क बाजूला सारून चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवलं होतं, दिवाही तिथूनच लुकलुकवला होता. इंटरप्टला टास्कांचं काही सोयरसुतक नसतं. तिन्ही टास्क मेले तरी कुत्रा पोटभर जेवत राहिला असता. आता तिन्ही टास्कांनी आपापली हजेरी लावल्याशिवाय त्याला घास मिळत नाही, आणि संरक्षणाने करंट मोजल्याशिवाय दिवा लुकलुकत नाही.

काकांना हे सगळं देवळाच्या किल्लीवरूनच समजावलं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे मंडपवाल्याचा दोष नाही म्हणतेस?" नाही, काका. मांडणी माझी होती.

या वर्षी १४ मेच्या पहाटे विहीर परत तळाला गेली. कार्डावरची नोंद माझ्याकडे आहे: ३ वाजून १२ मिनिटांनी करंट उतरला, पाचव्या सेकंदाला कॉन्टॅक्टर सुटला. रेंज नव्हती, त्यामुळे मिस्ड कॉल लागायला ३ वाजून ३१ मिनिटं झाली. तोवर पंप थंड होता. काका फोन न उचलता कुशीवर वळून झोपले, सकाळी चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं. पावसाआधी आता वरच्या तळीला फ्लोट स्विच बसवायचाय.