लीज ८० च्या खाली जायच्या आत

इंग्लंडात फ्लॅट घेतलेलं आपलं कुणी भेटलं की मी हल्ली पहिलं हेच विचारते, लीज (म्हणजे फ्लॅट ठरावीक वर्षांसाठी आपला असल्याचा करार) किती वर्षं उरलीय? किंमत, मॉर्गेजचा रेट, शाळेचं कॅचमेंट सगळं तोंडपाठ असतं, पण हा आकडा विचारला की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको नवऱ्याकडे.

आमचा फ्लॅट लंडनच्या हॅरोतला, लीज १९८३ पासून १२५ वर्षांची, म्हणजे २०२८ मध्ये ती ८० वर्षांच्या खाली जाणार. बाबा नेरूळहून फोनवर म्हणाले, "अगं सिडकोचंही साठच वर्षांचं असतं, काय होतंय?" पण तिकडे जमिनीचा करार अख्ख्या सोसायटीचा, इथे प्रत्येक फ्लॅटची लीज वेगळी, शेजारच्यांनी वाढवून घेतली म्हणून आपली वाढत नाही.

तर ८० चं काय एवढं? १९९३ च्या कायद्याने आपल्याला उरलेल्या वर्षांवर आणखी ९० वर्षं मागता येतात आणि ग्राउंड रेंट (जमिनीचं वार्षिक भाडं) शून्यावर येतं, फ्रीहोल्डरला म्हणजे जमिनीच्या मूळ मालकाला त्याचा मोबदला द्यायचा. नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडून दाखवलं तेव्हा मला नीट कळलं. समजा फ्लॅट ३ लाख पौंडांचा आणि ८२ वर्षं उरलीत. ८२ वर्षांनी तो फ्रीहोल्डरकडे परत जाणार होता, त्याची आजची किंमत वर्षाला ५ टक्के व्याज धरून काढली तर साधारण साडेपाच हजार. वर्षाला २५० पौंड ग्राउंड रेंट बुडणार, त्याचे ६ टक्क्यांनी चारेक हजार. संपलं. पण ८० च्या खाली गेलात की मॅरेज व्हॅल्यू लागते, म्हणजे लीज वाढल्यामुळे जी जादा किंमत तयार होते त्यातला अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा, आणि वर्षं कमी होतील तसा तो फुगत जातो.

यावर सगळे सांगतात, थांब, नवीन कायदा आलाय. आलाय खरा, २४ मे २०२४ ला मंजूर झाला, त्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द आणि ९० ऐवजी ९९० वर्षं. फ्रीहोल्डर मंडळी हायकोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हरलीसुद्धा. पण मी हे लिहितेय तोवर ती कलमं लागू झालेली नाहीत, फक्त दोन वर्षं मालकी हवी ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेलीय. माझं मत विचाराल तर ९५-१०० वर्षं असतील त्यांनी खुशाल थांबावं. ८० च्या आधीच खाली गेलेत त्यांचं अवघड आहे, थांबलं तर बरेच पैसे वाचू शकतात, पण तोवर फ्लॅट विकायचा किंवा रिमॉर्गेज करायचा झाला तर बँका नाकं मुरडतात. आमच्यासारख्या ८१-८२ वाल्यांनी मात्र सरकारच्या भरवशावर अजिबात बसू नये, कारण हिशोब लीज वाढवून मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला दिल्याच्या तारखेला धरतात, त्या दिवशी ८० च्या वर असलात की पुढे कितीही घोळ चालू दे, मॅरेज व्हॅल्यू नाही.

मधेच फ्रीहोल्डरचं एक गोड पत्र आलं. लीज परत १२५ करून देतो, ऑफर २८ दिवसच, वकील-बिकील फार लागणार नाही. खाली बारीक अक्षरात, आत्ताचं ग्राउंड रेंट जुन्या लीजची मुदत संपेपर्यंत तसंच चालू! म्हणजे ९० ऐवजी ४३ वर्षं आणि वर ८२ वर्षं भाडं भरत राहा. पत्र ठेवलं बाजूला आणि १९९३ च्या कायद्यातल्या सेक्शन ४२ ची ती नोटीस पाठवली.

नोटिशीत मोबदल्याचा आकडा आपण टाकायचा, म्हणून आधी लीजचं काम रोज करणारा सर्व्हेयर गाठा, उगाच हजार पौंड लिहिले तर नोटीसच बाद होऊ शकते. आपला वकील, आपला सर्व्हेयर, शिवाय फ्रीहोल्डरचाही वाजवी वकील-सर्व्हेयर खर्च आपल्याच खिशातून (हे मला अजून पचलेलं नाही). उत्तराला त्यांना किमान दोन महिने द्यावे लागतात. उत्तर आल्यावर दोन ते सहा महिन्यांच्या आत रक्कम ठरली नाही तर ट्रायब्युनलला (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज करायचाच, ती सहा महिन्यांची तारीख चुकली की नोटीस मेली आणि पुढची वर्षभर देता येत नाही. वकिलाला आठवण करून द्यायला लाजू नका, मी तर ती तारीख फ्रिजवर लावून ठेवलीय.

आणि ८१ वगैरे असलेला फ्लॅट घेत असाल तर विकणाऱ्यालाच नोटीस द्यायला लावा आणि तिचा हक्क खरेदीबरोबरच स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर लँड रजिस्ट्रीत आपलं नाव चढेपर्यंत थांबावं लागतं आणि तिथे महिनोन्महिने जातात.