नाणं नको, हिशोब दाखवा: क्रिप्टो प्रकल्पांना छोटी देणगी देताना

क्रिप्टोत पैसे देतो म्हटलं की आमच्या उद्यमनगरात पहिला प्रश्न ठरलेला, "किती सुटतात?" दामदुप्पटीच्या नादानं बुडालेली घरं कोल्हापुरानं पाहिली आहेत, त्यामुळं विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण माझा व्यवहार वेगळा आहे. दरमहा पाचशे रुपये मी बाजूला काढतो आणि खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या क्रिप्टो प्रकल्पांना देणगी म्हणून देतो. ते परत येणार नाहीत हे धरूनच देतो.

द्यावंसं का वाटलं, ते आधी सांगतो. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, ३ जानेवारी २००९ ला तयार झाला. तेव्हापासून त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, कुणीही वाचावं, दुरुस्ती सुचवावी. मालक नाही, म्हणजे पगारपत्रकही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये, म्हणजे बिटकॉइन चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, एक चूक उघड झाली. तिचा गैरवापर झाला असता तर नियमाबाहेरची नवी नाणी तयार करता आली असती, म्हणजे एकूण नाण्यांवर २ कोटी १० लाखांची जी मर्यादा या सगळ्याचा पाया आहे, तीच ढासळली असती. कुणी फायदा उठवण्याआधी ती दुरुस्त झाली. पण तोवर ती बराच काळ कोडमध्ये तशीच बसून होती, हे वाचल्यावर माझ्या मनानं घेतलं की पैसे द्यायचे तर कोड तपासणाऱ्यांना द्यायचे.

निवडीला बसलो तेव्हा यादी लांबलचक होती. ज्या प्रकल्पाचं स्वतःचं टोकन, म्हणजे स्वतःचं डिजिटल नाणं, विकायला आहे, तो मी सरळ बाद केला. टोकन विकून त्यांच्याकडे पैसा आलेला असतो किंवा येणार असतो, आणि ते घेणारा माणूस भाव वाढायची वाट बघत बसतो. त्याला देणगी म्हणत नाहीत. या एकाच अटीवर बहुतेक नावं गळाली.

मी फौंड्रीच्या ऑफिसात जमाखर्च बघतो, मला कोड येत नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला शेजारी बसवलं. त्यानं गिटहबवर, म्हणजे खुला कोड ठेवायच्या साइटवर, बिटकॉइन कोअरची एक सुचवलेली दुरुस्ती उघडून दाखवली. मोजून काही ओळींचा बदल आणि खाली चर्चा पानभर. तपासणारा माणूस आधी कल्पना पटली का ते लिहितो. मग स्वतःच्या मशीनवर चालवून बघतो आणि "एसीके" असं लिहून, नेमकी कोणती आवृत्ती तपासली तिचा लांबलचक क्रमांक पुढं जोडतो. पटलं नाही तर "एनएसीके" आणि कारण. "मामा, हे बघा, ह्यानं तपासलं त्यानंतर कोड बदललाय, म्हणून परत तपासायला आलाय," भाचा म्हणाला. आमच्याकडं व्हाउचरवर दोन सह्या लागतात, पण दुसरी सही करणारा इतकं वाचत नाही. हे काम कुठं बातमीत येत नाही, त्यातून नवं फीचर दिसत नाही, आणि म्हणूनच त्याला पैसे मिळणं अवघड जातं. २०२० मध्ये सुरू झालेली ब्रिंक ही संस्था अशाच डेव्हलपर लोकांना अनुदान देते. ओपनसॅट्सही देते.

पुढं पाहिला तो हिशोब. पेठेतल्या मंडळाला वर्गणी देताना आपण पावती घेतो आणि उत्सवानंतर फलकावर जमाखर्च लागला का बघतो. इथंही मी तेवढंच मागतो. कुणाला अनुदान मिळालं, कशासाठी, आणि त्यानं काम काय केलं. शिवाय निधीच्या वॉलेटच्या, म्हणजे डिजिटल पाकिटाच्या, किल्ल्या (पैसे काढायचे गुप्त संकेत) कुणाकडं आहेत हेही विचारायचं. मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याच्या प्रकल्पाची लोकवर्गणीची पद्धत मला मनापासून आवडते: काम आधी जाहीर करायचं, त्यावर चर्चा व्हायची, आणि टप्पा पूर्ण झाला की पैसे सुटायचे. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये त्या निधीच्या वॉलेटमधून सुमारे २,६७५ मोनेरो चोरीला गेले. पद्धत कितीही चांगली असली तरी पैसे काढायला अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट हवंच, हे त्यानंतर मी अटीत घातलं.

आता छोट्या देणगीदाराला सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट, फी. बिटकॉइनच्या साखळीवर फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार किती जागा घेतो त्यावर ठरते. ही जागा व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात; साधा व्यवहार साधारण १४० बाइटचा. फी मोजतात सातोशीत, म्हणजे बिटकॉइनच्या दहा कोटीव्या भागात. गर्दीच्या वेळी दर बाइटला २० सातोशी असेल तर फी २,८०० सातोशी. एका बिटकॉइनचा भाव एक कोटी रुपये धरला तर एक सातोशी म्हणजे दहा पैसे, म्हणून फी झाली २८० रुपये. पाचशे द्यायला २८० खर्च! गर्दी नसताना दर एक-दोन सातोशीवर येतो, तेव्हा तीच फी चौदा ते अठ्ठावीस रुपये. म्हणून मी दरमहा न पाठवता तिमाहीला एकदम पाठवतो, आणि प्रकल्प लाइटनिंगवर (छोट्या रकमांसाठी बिटकॉइनच्या वर उभारलेलं जाळं) देणगी घेत असेल तर तिथंच, कारण तिथं फी अगदीच किरकोळ.

इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्याच्या बाजूला गिटकॉइन या देणगीच्या मंचानं २०१९ पासून एक वेगळी रीत चालवली. तिच्यामागचा विचार इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन, झोई हिटझिग आणि ग्लेन वाइल यांनी २०१८ मध्ये मांडला होता. प्रत्येकाच्या रकमेचं वर्गमूळ काढायचं, सगळी वर्गमुळं मिळवायची, बेरजेचा वर्ग करायचा. एकट्यानं शंभर रुपये दिले तर उत्तर १००. शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर उत्तर १०,०००. या उत्तरातून लोकांनी दिलेली रक्कम वजा करून जे उरतं, त्या प्रमाणात मोठ्या देणगीदारांनी वेगळा ठेवलेला जोडनिधी वाटला जातो. मी हे कागदावर दोनदा करून बघितलं, कारण आधी विश्वासच बसेना. एकच माणूस शंभर खाती काढून हे बिघडवू शकतो, म्हणून तिथं ओळख पटवावी लागते, आणि ती अट मला रास्त वाटते.

पाठवताना वॉलेटचा पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायचा आणि चिकटवल्यावर अक्षरं पुन्हा ताडून बघायची; कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. "पाठवा, दुप्पट परत देतो" असं कुठंही दिसलं की पुढं वाचायचंच नाही. जुलै २०२० मध्ये बराक ओबामांसारख्यांची ट्विटर खाती ताब्यात घेऊन हेच लिहिलं गेलं, आणि लोकांनी एक लाख डॉलरहून अधिक किमतीचं बिटकॉइन पाठवलं.

कराचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडं वळवता येत नाही, आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर करात वजावट मिळत नाही. मी प्रत्येक वेळी तारीख, खरेदीचा भाव, पाठवलेली रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहून सीएकडं देतो.

सध्या माझे पैसे कोड तपासणाऱ्यांच्या निधीला जातात. पुढच्या तिमाहीत भाच्यानं वॉलेटसाठी सोपी माहितीपत्रकं लिहिणारा एक गट सुचवलाय. त्यांचा मागचा जमाखर्च मागवलाय. तो आला की अर्धी रक्कम त्यांना.