भरिताची वांगी, तापीचा काठ आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’

डिसेंबर लागला की भुसावळकडच्या मित्राचा फोन येतोच: ‘वांगी आली, कधी येता?’ यंदा जुन्या कॉलेज बँडमधले हाताशी लागले तेवढे सगळे निघालो, गिटार आणि बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प घेऊन. भरीत पार्टी त्याच्या तापीकाठच्या शेतात होती.

आधी जाण्याचं सांगतो. मुंबईहून रात्रीची विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेस धरलीत तर जळगाव-भुसावळ भर मध्यरात्रीनंतर येतं. यजमानाला त्या थंडीत स्टेशनवर उभं करू नका. स्टेशनजवळ खोली घ्या किंवा सरळ दिवसाची गाडी बघा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कधीही जा. पण डिसेंबर-जानेवारीची थंडी हवी, म्हणजे शेकोटीजवळून कुणी हलत नाही.

वांगी बामणोद किंवा आसोदा या गावांची. हिरवट-पांढरी आणि चांगली थोराड असतात. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते उचला. जड निघालं तर आत बिया भरलेल्या असतात. भाजण्याआधी प्रत्येकाला टोचे मारायचे, नाहीतर फुटतं. आणि गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे नुसती वांग्याची भाजी, असं तिकडे तोंडावर सांगतात. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायची.

जाळ झाला, वारा फिरला आणि सगळा धूर नदीच्या पाण्यावर पसरला. आमच्या गिटारवाल्याला राहवलं नाही. त्याने ‘स्मोक ऑन द वॉटर’ची (म्हणजे पाण्यावरचा धूर) ती जगजाहीर धून सुरू केली आणि थांबेचना. मिरच्या-लसूण ठेचत बसलेल्या काकांनी मुसळ थांबवून विचारलं, ‘काय वाजवू राह्यला रे भाऊ? कवापासून तेच चार सूर!’

मग वांगी भाजेपर्यंत त्या चार सुरांची गोष्ट सांगावी लागली.

डिसेंबर १९७१. हे गाणं ज्यांचं, तो डीप पर्पल हा इंग्लंडचा रॉक बँड स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो गावी नवा अल्बम करायला आला. स्टुडिओत कोंडून न घेता तिथल्या कसिनोच्या हॉलमध्ये वाजवायचं ठरलं होतं. रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रांनी भरलेला ट्रक, भाड्याने आणला होता. कसिनोत अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा एक कार्यक्रम तेवढा बाकी होता, ४ डिसेंबरचा. त्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारं पिस्तूल) छताकडे झाडली आणि कसिनो जळून खाक झाला. नशीब, जीव कुणाचा गेला नाही. तिथल्या जॅझ महोत्सवाचा संचालक क्लोद नोब्स पोरांना बाहेर काढायला धावला, म्हणून तो गाण्यातही आहे. सरोवरावरचा धूर बँडने पाहिला. पुढे एका सकाळी बासवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठताना ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द पुटपुटला. नाव नशापाण्याचं वाटेल म्हणून बँडने आधी का-कू केली, हेही खरं.

नोब्सने पॅव्हिलियन नावाचा दुसरा हॉल मिळवून दिला. तिथे रात्री गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या या रिफवर (पुन्हापुन्हा येणाऱ्या धुनेवर) नुसत्या वाद्यांचं रेकॉर्डिंग झालं. आवाजाने वैतागून शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. बाहेर पोलीस दार ठोठावतायत, आत बँडची माणसं दार रेटून उभी, आणि तेवढ्यात टेक पुरा! तिथून हकालपट्टी झाल्यावर उरलेलं काम हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून उरकलं. ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या-बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून वाजवलेलं ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. कसिनो जळालाच नसता तर हे गाणंही नसतं, आणि ते इतकं रांगडंही झालं नसतं, असं माझं मत.

गंमत पुढे आहे. मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ अल्बम आला तेव्हा बँडची भिस्त ‘नेव्हर बिफोर’वर होती, तेच सिंगल म्हणून (एकट्या गाण्याची वेगळी तबकडी) काढलं. ‘स्मोक’ अल्बममध्येच पडून राहिलं. लोकांनी ते मैफिलींत उचलून धरलं, त्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या मैफिली रेकॉर्ड होऊन ‘मेड इन जपान’ आला, आणि अखेर मे १९७३ मध्ये अमेरिकेत सिंगल निघालं. ते तिथल्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. ऐकायचं तर जपानवालंच ऐका.

शेतात गिटार नेणार असाल तर धून नीट वाजवा. बहुतेक जण पिकने (तारा छेडायच्या पत्तीने) जाड पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम, ठोकतात. ब्लॅकमोर डी आणि जी या दोन तारा बोटांनी एकदम छेडतो: मोकळ्या, तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी), पाचवा, मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा, मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या. सोबत बँडच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवरचं अवजड वाद्य) मार्शल अ‍ॅम्पमधून गुरगुरतो. तो काही आपल्याला शेतात न्यायला जमत नाही.

वांग्यांची सालं सोलून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचली, वर तेलात परतलेले मिरची-लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर. केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. काकांनी चौथ्यांदा वाढलं तरी ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. मीही म्हटलं नाही.

जाताना जुने कपडे घाला, धुराचा वास धुतला तरी जात नाही. टॉर्च ठेवा आणि अंधार पडल्यावर केळीच्या बागेत एकटे शिरू नका, त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. रात्रपाळीची वीज आली की आजूबाजूचे लोक गव्हाला पाणी द्यायला येतात, त्यांनाही पानावर बोलवा. ओळखीचं शेत नसेल तर जळगाव शहरात तयार भरीत किलोवर मिळतं. परतीच्या गाडीसाठी घेतलंत तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पिशवीतून तेल गळतं आणि लसणाच्या वासाने सगळा डबा तुमच्याकडे बघत बसतो.